फुटबॉल स्पर्धेतली हुल्लडबाजी: कोकणात मैदानबंदीचा कायदा हवा का?

मांडवीकर
फायनल संपली की दोन गावांची पोरं गेटवर भिडतात आणि पोलीस येईपर्यंत निम्मी पसार. इंग्लंडमध्ये 1989च्या फुटबॉल स्पेक्टेटर्स ॲक्टखाली मैदानबंदी लागते, म्हणजे दोषी माणसाला सामन्याला यायलाच मनाई. सामन्याशी निगडित गुन्हा सिद्ध झाला की 3 ते 5 वर्षं बंदी, थेट तुरुंगवास झाला असेल तर 6 ते 10. मोडली तर 6 महिन्यांपर्यंत कैद. आपल्याकडेही हेच हवं.

वेंगुर्लेकर
तपासणार कोण? तिकडे तिकीट, नंबरची खुर्ची, कॅमेरे. आपल्याकडे प्रवेश फुकट आणि कंपाउंड म्हणजे चिऱ्यांचा गडगा. त्याचेच सुटे दगड हातात येतात. आधी वरचे थर सिमेंटने बांधा, मैदानातली खडी उचला. हरलेल्या संघाच्या माणसांना दुसऱ्या वाटेने काढा, जिंकलेल्यांना पंधरा मिनिटं थांबवा. सामना अंधार पडायच्या आत संपेल अशा वेळेला लावा. फायनल हमखास उशिरा सुरू होते, कारण पाहुण्यांची भाषणं!

कुडाळचो झील
नवो कायदो कित्याक व्हयो? असलेलो तरी खंय वापरतत? महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 37 लावलं की नुसते दगड गोळा करणंही गुन्हा. नेहमीच्या भांडखोरांवर आधीच चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई करा, शांतता राखण्याचा वर्षभराचा बॉण्ड घ्या. इंग्लंडने 1985मध्येच सामन्याला जाणाऱ्या बसमधली दारूही बंद केली; इथे गोव्याच्या बाटल्या भरून टेम्पो येतात, ते नाक्यावरच अडवा.

मांडवीकर
बॉण्ड दिलेला माणूस पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात. आणि कलम 56ची तडीपारी लावली तर 2 वर्षांपर्यंत तालुका, जिल्हाच बंद. एका दगडासाठी खलाशाचं बंदर, म्हणजे पोटच तोडायचं? मैदानबंदी फक्त सामन्यापुरती, म्हणून उलट सौम्य. फुकट प्रवेशाचं म्हणाल तर गाव छोटं आहे, गेटवरचे स्वयंसेवक चेहऱ्याने ओळखतात.

वेंगुर्लेकर
ओळखतात म्हणूनच अडवत नाहीत, भाऊ. सरपंचाच्या भाच्याला कोण हात लावणार? शिवाय प्रेक्षक म्हणजे गुंड असं धरून चाललं की काय होतं ते इंग्लंडमधल्या हिल्सबरो मैदानावर दिसलं. हुल्लडबाजीच्या धास्तीने लावलेल्या जाळ्यांमागे 1989मध्ये माणसं चिरडली, 97 जीव गेले. नंतर चौकशीच्या टेलर अहवालाने जाळ्यांची उंची कमी करून खुर्च्या बसवायला सांगितलं.

कुडाळचो झील
मग गेटवर शेजारच्या तालुक्यातले स्वयंसेवक ठेवा, आणि आयोजकांकडून अनामत घ्या. दगड पडला की जप्त.

मांडवीकर
अनामत बुडेल म्हणून आयोजक तक्रारच करणार नाहीत. मारामारी झालीच नाही म्हणतील.