अर्धवेळ नोकरी आणि अंगावरचे दूध

प्रश्न : बाळ सात महिन्यांचे असून पुढील आठवड्यापासून मी रोज पाच तास कामावर जाणार आहे, अंगावर पाजणे चालू ठेवायचे असल्यास कामाच्या वेळेत दूध काढणे आवश्यक आहे का?

उत्तर १ : निदान एकदा तरी काढावे, कारण स्तन जितके रिकामे होतात तितके दूध पुन्हा तयार होते आणि ते फार वेळ तुंबल्यास गाठी होऊन दुखू लागते. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ४ तास, तर फ्रिजमध्ये ४ दिवस टिकते; मात्र ते दाराच्या कप्प्यात ठेवू नये.

उत्तर २ : माझे बाळ दिवसा वाटीतून जेमतेम घेई आणि रात्री भरपाई करी. झोपमोड झाली खरी, पण दूध आटले नाही.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. निघण्यापूर्वी आणि परतताच पाजण्याचे ठरवले आहे.