मोठे टायर टाकल्यावर काटा जीपीएसशी जुळला, मग मायलेज का उतरलं?

चेंबूरकर_स्विफ्ट
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, 2019 ची. कंपनीचे टायर 165/80 आर14, पार गुळगुळीत झाले होते. मध्यंतरी अलॉय व्हील (हलक्या मिश्रधातूच्या रिम) घेतले आणि दुकानदाराने त्यावर 205/65 आर15 चढवून दिले. म्हणाला, एवढं चालतं, गाडी उंच होईल, खड्ड्यांत बरी पडेल. दिसतेय झकास, त्यात वाद नाही.

प्रश्न असा आहे की आधी अटल सेतूवर काटा 80 वर असला की मोबाइलचं जीपीएस 74-75 दाखवायचं. आता काटा 80 आणि मोबाइल 79. म्हणजे मीटर सुधारलं असं समजायचं का? मग मायलेज कसं काय उतरलं? टाकी फुल करून काढलं तर 18 च्या आसपास मिळायचं, आता 17 ला टेकतंय. रस्ता तोच, सेतूवरून उरण. पंपही तोच.

मुलुंडची_सायली
याच गाडीच्या झेडएक्सआयला कंपनी 185/65 आर15 देते, तो का नाही घेतलात? उंचीला तुमच्या जुन्याइतकाच आहे. 205/65 बराच मोठा होतो. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवा आणि बघा, आतल्या प्लास्टिकला घासतोय का. मागे तीन माणसं आणि सामान असताना खड्ड्यात आपटला तर जास्त कळेल.

परळचा_मीटरवाला
दादा, माझी उमर टॅक्सीचे मीटर जुळवण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

गाडीला रस्ता दिसत नाही, तिला चाकाचे फेरे तेवढे कळतात. पूर्वी गिअरबॉक्समधून केबल यायची, आता सेन्सर पल्स मोजतो. एका फेऱ्यात किती जमीन कापली जाते हा आकडा कंपनीने आत भरलेला असतो. टायर बदलला तरी तो आकडा बदलत नाही. टॅक्सीच्या मीटरचंही हेच. एका किलोमीटरला किती पल्स, हे गाडीप्रमाणे बसवायचं, मग रस्त्यावर चालवून तपासायचं आणि नंतर सील. टायर घासून बारीक झाला की चाक जास्त फिरतं आणि पॅसेंजरला भाडं जास्त पडतं. मोठा टायर टाकला तर नुकसान ड्रायव्हरचं.

आता तुमचा हिशोब. 165 मिमी रुंदी, तिचे 80 टक्के म्हणजे 132 मिमी ही टायरच्या भिंतीची उंची. वर-खाली मिळून 264. त्यात 14 इंची रिम, 355.6 मिमी. एकूण व्यास 619.6 मिमी. तुमचा नवा टायर असाच काढला तर 647.5 येतो. फरक साडेचार टक्क्यांचा. सायलीताईंनी सांगितलेला 621.5 म्हणजे जेमतेम दोन मिमी जास्त, मीटरला त्याचा पत्ताही लागणार नाही.

त्यात तुमचे जुने टायर गुळगुळीत होते. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिमी खोल असते, 1.6 वर तो बाद. व्यासात तेरा-एक मिमी गेले, म्हणजे आणखी दोन टक्के. तुम्हाला 74 चे 79 दिसतात त्यातला थोडा वाटा या झिजेचा आहे. कंपनीच्याच मापाचे नवे टायर टाकले असते तरी एखाद-दीड किमीचा फरक पडलाच असता.

आता मुख्य मुद्दा, मीटर सुधारलं का? नाही. स्पीडोमीटरचा काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक 39 प्रमाणे त्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवायला मुभा आहे, खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर ताशी 4 किमी एवढी. तुमच्या टायरने ही राखीव जागा खाऊन टाकली. सेतूवर मर्यादा 100 आहे. आधी काटा शंभरावर असताना गाडी खरी 93-94 ने जायची, आता 99 ने. काटा जरा वर सरकला की दंड, आणि हलक्या गाडीला तो हजार ते दोन हजार आहे.

ओडोमीटरला, म्हणजे एकूण किलोमीटर मोजणाऱ्या मीटरला मात्र अशी मुद्दामची वाढ नसते, तो बऱ्यापैकी खरा असतो. तुम्ही काटा जुळला म्हणून खूश झालात, तेवढ्यात किलोमीटर मोजणी मागे पडली. गाडी 180 किमी चालली तर ती 172 लिहिते. तुमच्या मायलेजची घट बहुतेक इथेच आहे. पेट्रोल तेवढंच जळतंय, किलोमीटर कमी लिहिले जातायत. थोडं खरंही उतरलं असेल, कारण टायर रुंद आणि जड आहे. आणि 10,000 ला सर्व्हिसिंग कराल तेव्हा गाडी खरी 10,450 चाललेली असेल.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. स्टेपनी अजून कंपनीचीच असेल ना? ती न वापरलेली असेल तर उत्तम. बाहेर काढा, हवा भरा, नक्षीच्या मधोमध सुतळी गुंडाळा, टोक जुळेल तिथे पेनाने खूण करा आणि जमिनीवर सरळ ताणून टेपने मोजा. मग जॅकवर एक चाक उचलून तेच करा. दुसरी परीक्षा पुणे एक्सप्रेसवेवर, किलोमीटरचे दगड पकडून. दहा दगड जाऊ द्या, ट्रिप मीटर 9.6 च्या आतबाहेर दाखवेल. जीपीएसपेक्षा मला हे जास्त पटतं. मोबाइल सरळ रस्त्यावर एका वेगात ठीक असतो, पण कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरला की त्याला आकाशच नाही.

चेंबूरकर_स्विफ्ट
काका, आत्ताच सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोजून आलो. स्टेपनी 1 मीटर 94 सेंमी, नवा टायर 2 मीटर 3 सेंमी. तुमचा हिशोब तंतोतंत. आणि सायलीताई, डावीकडे पूर्ण वळवल्यावर प्लास्टिकवर घासल्याची चकचकीत रेघ आहे. आत आकडा बदलून घेता येतो का?

परळचा_मीटरवाला
काही गाड्यांत स्कॅनर लावून टायरचा घेर बदलता येतो. तुमच्या गाडीचं सर्व्हिस सेंटरला विचारा. पण घासणं त्याने थांबणार नाही, आणि चढावर गाडी जड वाटते तीही तशीच राहील, कारण मोठ्या चाकाने गिअर लांब होतो. अलॉय ठेवा, टायर 185/65 घ्या. भार क्रमांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा, टायरवर छापलेला आकडा) 85 च्या खाली नको, कंपनीचा तोच आहे. आत्ताचे हे टायर नवेच आहेत तोवर दुकानदाराला परत विकून टाका, चांगला भाव येईल.

तोवर पंक्चर झालं तर ही 14 इंची स्टेपनी पुढच्या चाकाला लावू नका. मागचं चांगलं चाक पुढे घ्या, स्टेपनी मागे. एका बाजूचं चाक साडेचार टक्के जास्त फिरत राहिलं की पुढे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) उगाच राबतं आणि एबीएसही (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गोंधळतं. पंक्चरवाल्यापर्यंत हळू जा, सेतूवर चढू नका.

नवे टायर बसले की पन्नासेक किलोमीटरनंतर नट पान्याने पुन्हा तपासून घ्या. अलॉयला हे हमखास लागतं.