बी.फार्म नंतर हॉस्पिटलातच काम शिकायचंय, फार्मासिस्टची रेसिडेन्सी आपल्याकडे असते का?

डिचोलीची_पोर
नमस्कार मंडळी, मी बी.फार्म शेवटच्या वर्षाला. वर्गातले निम्मे वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत क्यूए-क्यूसीला (औषधांचा दर्जा तपासायला) चिकटायच्या तयारीत, बाकीचे एमआर (कंपनीची औषधं डॉक्टरांना सांगत फिरणारे) नाहीतर एमबीए. मला यातलं काहीच नकोय आणि त्याला कारण आहे. गेल्या चवथीच्या आधी आजी एका हॉस्पिटलात अ‍ॅडमिट होती (नाव नको), नाकातून राईल्स ट्यूब घातलेली, आणि तिची बीपीची गोळी रोज कुटून पाण्यातून नळीत सोडायचे. मी स्ट्रिप उलटून बघितली तर नावापुढे रिटार्ड लिहिलेलं! म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी, ती कुटली की सगळा डोस एकदम पोटात. दुपारी आजीचं बीपी धाडकन खाली यायचं ते उगाच नाही. खाली काउंटरवर जाऊन सांगितलं तर तो म्हणाला, "बाय, आमी फकत बिल करतांव, वयर सांग." वर सिस्टर म्हणाली डॉक्टरना विचार, आणि डॉक्टर राउंड संपवून गेलेले. शेवटी संध्याकाळी गोळी बदलली ती मी दारात उभी राहिले म्हणून.

तर प्रश्न असा की हे बघणं नक्की कुणाचं काम, आणि ते शिकायचं कुठे? चुलतभाऊ म्हणतो अमेरिकेत फार्मासिस्टपण डॉक्टरांसारखी रेसिडेन्सी करतात, म्हणजे डिग्रीनंतर हॉस्पिटलात काम करत शिकायचं. आपल्याकडे फार्म डी पीबी (पोस्ट बॅकलॉरिएट, म्हणजे बी.फार्मनंतरचं फार्म डी) करू का एम.फार्म प्रॅक्टिस (फार्मसी प्रॅक्टिस विषयातलं एम.फार्म)? घरचे म्हणतात अजून तीन वर्षं शिकून शेवटी दुकानातच बसणार ना.

चोर्ला_घाट_रिटर्न
मी फार्म डी पीबी केलंय, बेळगावला, म्हणजे दर पंधरा दिवसांनी कदंबातून चोर्ला घाट आणि पिशवीत आईने दिलेली सोलं. आधी नावाचा घोळ सोडवतो. अमेरिकेतल्यासारखी डिग्रीनंतरची वेगळी रेसिडेन्सी आपल्याकडे रुळलेली नाही. फार्मसी कौन्सिलने २००८ मध्ये फार्म डी आणलं, बारावीनंतर केलं तर ६ वर्षं, बी.फार्मनंतर पीबी केलं तर ३, आणि दोन्हीत शेवटचं वर्ष पूर्ण हॉस्पिटलात. नियमात त्यालाच इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी म्हटलंय. त्यातले ६ महिने जनरल मेडिसिन आणि मग आणखी तीन डिपार्टमेंटना दोन-दोन महिने.

आता काम काय ते सांगतो, कारण ब्रोशरमधे नुसतं "क्लिनिकल एक्स्पोजर" लिहितात त्याने काहीच कळत नाही. सकाळी राउंडच्या आधी वॉर्डात जायचं, फायली उघडायच्या, आजच्या क्रिएटिनिनवरून (रक्ताची एक तपासणी) किडनी किती चालते ते काढायचं, एनॉक्सापॅरिन (रक्ताची गुठळी होऊ न देणारं इंजेक्शन, किडनी मंदावली की अंगात साचतं) दिवसातून दोनदा चालू असेल आणि क्लिअरन्स, म्हणजे किडनीचा गाळायचा वेग, ३० च्या खाली आला असेल तर डोस कमी करा म्हणून राउंडला तोंड उघडायचं. पहिले दोन महिने तोंड उघडत नाही हेही सांगून ठेवतो. माझ्या प्रिसेप्टर (वॉर्डात शिकवणाऱ्या) मॅडम मुद्दाम मागे उभ्या राहायच्या आणि मला पुढे ढकलायच्या.

एक केस विसरणार नाही. डिस्चार्जच्या दिवशी एका काकूंना इन्सुलिन कसं घ्यायचं ते समजावत होतो. कागदावर २० युनिट. म्हटलं भरून दाखवा. त्यांनी पिशवीतून घरची जुनी सिरिंज काढली, लाल टोपणाची, म्हणजे ४० वाली (एका एमएलला ४० युनिट धरून खुणा केलेली), आणि नवीन लिहून दिलेली बाटली होती १०० ची (एका एमएलमधे १०० युनिट). त्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत भरलं की अर्धा एमएल होतो, आणि १०० च्या बाटलीतला अर्धा एमएल म्हणजे ५० युनिट! अडीच पट. काकू घरी गेल्या असत्या आणि रात्री शुगर पडली असती. प्रिस्क्रिप्शन बरोबर, बाटली बरोबर, सिरिंजपण तिच्या जागी बरोबर, फक्त तिघांची गाठ चुकीची. हे पुस्तकात एका ओळीत असतं पण "भरून दाखवा" म्हणायची सवय वॉर्डातच लागते.

वेर्णा_नाइट_शिफ्ट
वरचं सगळं खरं पण पोरीला दुसरी बाजूपण सांगा ना. मी प्रॅक्टिसमधे एम.फार्म केलं, दोन वर्षं, त्यातलं दुसरं बरंचसं प्रोजेक्टमधे जातं. त्यानंतर एका प्रायव्हेट हॉस्पिटलात क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून लागलो, पदाचं नाव भारी, काम काय तर अ‍ॅक्रेडिटेशनचं (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेचं) इन्स्पेक्शन जवळ आलं की दिसायला सारख्या औषधांच्या बरण्यांना स्टिकर लावायचे आणि रजिस्टर भरायची. इन्स्पेक्शन झालं की परत स्टोअरला. पगार सांगत नाही, लाज वाटते. आता फार्माकोव्हिजिलन्समधे आहे, दिवसभर कॉम्प्युटरवर साइड इफेक्टच्या केसेस, पैसे बरे मिळतात, पेशंट मात्र एक दिसत नाही. गंमत बघा, गोव्यात औषधशास्त्राचं शिक्षण पोर्तुगिजांच्या मेडिकल स्कूलबरोबर १८४२ पासून आहे म्हणून आपण छाती फुगवतो आणि फार्मासिस्ट अजून काउंटरच्या मागेच.

पैशांचं एक लक्षात ठेव, जीपॅट (एम.फार्मची प्रवेश परीक्षा) निघाली आणि कॉलेजला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता असली तर एम.फार्मला महिन्याला १२,४०० स्टायपेंड आहे. पीबीला तो नाही, तिथे फी भरायची आणि इंटर्नशिपला कॉलेज देईल ते घ्यायचं.

म्हापशेकार_न्यूजर्सी
चुलतभावाचं अर्धं बरोबर आहे. इथे अमेरिकेत लायसन्ससाठी रेसिडेन्सी लागत नाही, कोपऱ्यावरच्या फार्मसीत बसायला तर नाहीच. पण मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डवर क्लिनिकल काम हवं असेल तर मागतातच. पहिलं वर्ष पीजीवाय-वन, सगळीकडे फिरवतात, दुसरं पीजीवाय-टू, एकाच विषयाचं, म्हणजे आयसीयू, कॅन्सर, इन्फेक्शन वगैरे. एएसएचपी नावाची संघटना त्यांना मान्यता देते, १९६० च्या दशकापासून चालू आहे हे. जागा मॅच पद्धतीने मिळतात, तू तुझी पसंती लावायची, हॉस्पिटलं त्यांची, आणि कॉम्प्युटर लग्न जुळवतो 😀 इथलीच पोरं रडतात, बाहेरच्यांना त्यात व्हिसाची भानगड. आणि महत्त्वाचं, २००३ नंतर पास झालेल्यांना इथल्या एफपीजीईई परीक्षेला (परदेशी फार्मसी पदवीधरांची परीक्षा) बसायला निदान पाच वर्षांचा फार्मसी कोर्स लागतो. चार वर्षांच्या नुसत्या बी.फार्मवर तिकीट काढू नको.

रात्रपाळी_सिस्टर
मी आयसीयूत स्टाफ नर्स. आम्हाला फार्मासिस्ट वॉर्डात पाहिजेच पाहिजे. रात्री तीनला एका नवीन मुलीने फेनिटॉइन (फिट्सचं औषध) डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या पाण्याच्या) बाटलीत घातलं, बघता बघता सगळं दुधासारखं पांढरं, ते सलाईनमधेच घालतात. नशीब मी बाजूला होते, बाटली फेकून दिली. त्या वेळी फोन करायला कोण आहे? स्टोअरला कुलूप. डिचोलीच्या पोरी, तू आजीच्या दारात उभी राहिलीस तेच काम पगारावर करणारं माणूस हवंय आम्हाला.

डिचोलीची_पोर
सिस्टर, थँक्यू 🙏 वेर्णा दादा, तुम्ही घाबरवलंत पण बरं केलंत, बाबांना हेच वाचून दाखवते म्हणजे ते मला भोळी म्हणणार नाहीत. चोर्ला दादा, मग कॉलेज बघायला गेले की विचारू काय? सगळेच सांगणार आमचं हॉस्पिटल शेकडो बेडचं.

चोर्ला_घाट_रिटर्न
बेड मोजू नको. प्रिन्सिपलच्या केबिनमधे पण जास्त बसू नको, चहा पी आणि सरळ सीनियर इंटर्नला गाठ, कँटीनमधे सापडतात. त्यांना विचार की राउंडला फार्मसीचं कोण येतं, रोज येतं का फक्त शनिवारी. आणि एखादी फाईल दाखवायला सांग, पेशंटचं नाव झाकून. फार्मासिस्टने लिहिलेली नोट पेशंटच्या फायलीत जाते का वेगळ्या लॉगबुकात, ते बघ. लॉगबुकात जात असेल तर ती सबमिशनची वही आहे, डॉक्टरने कधी उघडलेली नसणार. फायलीत असेल आणि खाली कुणी "डोस कमी केला" असं लिहून सही केलेली दिसली तर तिथे तीन वर्षं घाल, फी थोडी जास्त असली तरी. आणि पहाटेची बस पकड, राउंड नऊच्या आत सुरू होतो.