एअरबॅग उघडल्यावर डोळा धुवायचा की झाकायचा?

प्रश्न
ड्रायव्हरांच्या प्रथमोपचार वर्गासाठी टिपण करतोय. एअरबॅग तोंडावर फुटली, डोळ्याची आग होतेय. कुठे लिहिलंय 'भरपूर धुवा', कुठे 'हात लावू नका, झाकून न्या'. नक्की काय शिकवायचं?

प्रतिसाद १
दोन्ही बरोबर, कारण इजा दोन प्रकारच्या. पिशवी ३०-४० मिलिसेकंदांत फुगते, तो झाला मार. शिवाय सोडियम अझाइडवर चालणाऱ्या जुन्या एअरबॅगमधून कॉस्टिक सोड्याचे कण उडू शकतात. घडीतली टाल्क किंवा कॉर्नस्टार्च त्यातच मिसळते, म्हणून लोक 'पावडरच तर आहे' म्हणून सोडून देतात. कॉस्टिक सोडा मात्र अल्कली (आम्लाच्या उलट), कॉर्नियातून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून, आत झिरपत राहते.

आधी टॉर्च मारून बघा. बाहुली थेंबासारखी ओढलेली, पांढऱ्या भागातून काळपट काही डोकावतंय, तर डोळ्याचा गोळाच फाटलाय असं धरा. पापण्या दाबून उघडू नका, धार मारू नका. पाणी अलगद ओघळू द्या. मग कागदी कपाचा तळ कापून उपडा बसवा, कडा भुवई आणि गालाच्या हाडावर टेकली पाहिजे. कापूस-पट्टी अजिबात नको, ती दाबते.

असं काही दिसलं नाही तर कॉन्टॅक्ट लेन्स काढा आणि किमान ३० मिनिटं धुवा, नाकाकडून कानाकडे. दवाखान्यात लिटमसने पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) बघतात, ५-१० मिनिटांनी पुन्हा. पापणीखाली कण राहिला की पीएच परत चढतो.

प्रतिसाद २
आग थांबली म्हणजे सुटलो, असं शिकवू नका. बाहुलीपुढे रक्त साचलं तर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात तळाशी लाल रेघ दिसते. आडवं झोपवलं की पसरते, कळतही नाही. डोकं ३०-४५ अंश उंच ठेवा. दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. २ ते ५ दिवसांत पुन्हा रक्त येऊ शकतं. चमका, काळे ठिपके, पडदा सरकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रेटिना (डोळ्यामागचा पडदा) सुटत असेल. लॅसिक (चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन) झालेलं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. त्यात कापलेला कॉर्नियाचा पापुद्रा (फ्लॅप) कित्येक वर्षांनीही सरकू शकतो. आणि डोळ्यातल्या दाबाची तपासणी दरवर्षी, या माराचा काचबिंदू उशिरा उगवतो.

प्रतिसाद ३
ड्रायव्हरांना हेही सांगा: छाती ते स्टिअरिंगचा मध्य, किमान २५ सेंमी. हात घड्याळातल्या ९ आणि ३ वर, पट्टा लावलेलाच. डॅशबोर्डवरचा गणपती एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नका, फुटताना तोच गोळीसारखा येतो.

प्रश्नकर्ता
धुवायला बाटलीचं पाणी चालेल?

प्रतिसाद १
चालेल, नळाचंही. पण एका बाटलीत ३० मिनिटं होत नाहीत, गाडीत ५ लिटरचा कॅन ठेवायला सांगा. गुलाबपाणी, दूध नको. 'अल्कलीवर आंबट' म्हणून कुणी लिंबू पुढे केलं तर हात धरा.