सामाजिक उद्योग: समाजाचं भलं आणि धंदा, दोन्ही कागदावर कसं दाखवायचं? सल्ला हवाय

स्क्रूड्रायव्हर
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मित्र जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकतो आणि दुरुस्ती करतात ती शाळा मध्येच सुटलेली मुलंमुली, त्यांना शिकवतो पण आम्हीच. धंदा कसाबसा पायावर उभा राहिलाय. आता एक गुंतवणूकदार भेटलेत, ते म्हणतात सामाजिक मूल्य किती आणि आर्थिक मूल्य किती ते वेगवेगळं लिहून द्या. आम्ही एवढ्यांना शिकवलं, एवढे लॅपटॉप भंगारात जायचे वाचले असं लिहिलं तर म्हणाले ही नुसती यादी झाली. काय वाचू, कोणाचं उदाहरण बघू, कुठून सुरुवात करू?

हिशोबी_माणूस
आधी अरविंद नेत्र रुग्णालयाचं मॉडेल नीट बघा. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर १९७६ साली मदुराईत ११ खाटांवर सुरू केलं. लोकांना वाटतं श्रीमंतांकडून घेतात आणि गरिबांना फुकट देतात, एवढंच, पण खरी गंमत ऑपरेशन थिएटरात आहे. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढचा पेशंट तयार असतो, डॉक्टर नुसते इकडून तिकडे वळतात. बाकीची तयारी करणाऱ्या मुली खेड्यांतून घेऊन तिथेच शिकवलेल्या, म्हणजे त्यांनाही रोजगार. पेशंट वाढले की प्रत्येकामागचा खर्च उतरतो, म्हणून फुकटवाले पेशंट हे तिथे नुसतं ओझं राहत नाहीत. डोळ्यात बसवायची भिंगं बाहेरून महाग पडत होती तर १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून स्वतःच बनवायला लागले. आता सांगा, यातलं सामाजिक कुठे संपलं आणि आर्थिक कुठे सुरू झालं? तुमच्यात असा जोड कुठे आहे ते शोधा. नसेल तर तुमचा धंदा वेगळा आणि समाजकार्य वेगळं, फक्त पाटी एक.

आगाऊ_कार्टा
मला हे सगळं दोन दगडांवर पाय वाटतं. टॉम्स या बुटांच्या कंपनीने २००६ पासून एक जोडी विकली की एक जोडी दान असं चालवलं, टाळ्या पडल्या, मग लोक विचारायला लागले की फुकट बूट आले तर तिथल्या चपला बनवणाऱ्याचं काय? शेवटी कंपनीनेच तो हिशोब सोडून नफ्याचा एक तृतीयांश भाग समाजासाठी द्यायचं ठरवलं. आणि गरिबांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या जाचक वसुलीमुळे आंध्रात २०१० साली सरकारला अध्यादेश काढावा लागला, तेही आठवा.

हिशोबी_माणूस
कार्ट्या, मुद्दा बरोबर आहे, पण त्यावरून सगळेच भोंदू ठरत नाहीत. बिग इश्यू हे नियतकालिक बघ, १९९१, लंडन. बेघर माणूस अंक छापील किमतीच्या निम्म्यात स्वतः विकत घेतो आणि पूर्ण किमतीला विकतो, उरले अंक तर तोटा त्याचाच. भीक नाही, धंदाच आहे.

शिवणटिपण
रुमाल टाकून ठेवला होता, आता लिहिते. आम्ही बायकांचं शिवण युनिट चालवायचो, पिशव्या शिवायचो. नवीन बाईला चेन सरळ बसवता यायला तीन आठवडे लागायचे, तोवर अर्ध्या पिशव्या उसवून परत शिवायच्या, कापड वाया, आणि नेमकी हात बसलेली बाई दुसरीकडे चांगल्या पगारावर जायची. आम्ही हळहळायचो आणि बाहेर अहवालात मात्र तेच यश म्हणून छापायचो! दोन्ही खरं होतं हो. चुकलं एवढंच की शिकवण्याचा खर्च आम्ही पिशवीच्या किमतीत कोंबत राहिलो, पिशवी महाग झाली आणि मोठं गिऱ्हाईक तुटलं. म्हणून सांगते, मुलं शिकत असताना जे नुकसान होतं त्याचं खातं वेगळं उघडा. त्या खात्यासाठी अनुदान मागायला लाजू नका आणि विक्रीच्या खात्यात अनुदान घालू नका. तुमच्या गुंतवणूकदाराला बहुतेक हेच हवंय.

स्क्रूड्रायव्हर
शिवणटिपण ताई, डोळे उघडलेत. आमची शिकलेली मुलं पण सोडून जातात आणि आम्ही ते लपवत होतो!

हिशोबी_माणूस
लपवू कशाला, तोच तुमचा पुरावा आहे. फक्त एक पथ्य पाळा, जे तसंही झालंच असतं ते वजा करा. एखाद्याला मामाच्या दुकानात काम मिळणारच होतं तर तो तुमच्या खात्यात धरू नका. आणि सहा महिन्यांनी, वर्षाने टिकलाय का ते विचारा. लॅपटॉपचंही तसंच, तुम्ही विकलेल्यामुळे कोणाचं नवीन घेणं टळलं का ते गिऱ्हाइकाला एका प्रश्नात विचारता येतं. आकडा लहान आला तरी चालेल, पण तो उलटतपासणीत टिकला पाहिजे.

आगाऊ_कार्टा
आणि नफा कुठे जाणार ते लिहून घ्या आधी. बांगलादेशात ग्रामीण बँक काढणाऱ्या मुहम्मद युनूस यांच्या सामाजिक उद्योगाच्या व्याख्येत गुंतवणूकदाराला फक्त मुद्दल परत मिळतं, लाभांश नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून अशा कंपन्यांसाठी वेगळा प्रकारच आहे, त्यात मालमत्ता समाजाच्या कामालाच बांधलेली असते आणि लाभांशाला मर्यादा. तुमचे साहेब यातलं काय मानतात ते विचारलंत का? (बघा, मी पण कामाचं बोलतो कधीकधी.)

स्क्रूड्रायव्हर
नाही विचारलं, उद्या विचारतो. हजेरीवही काढून बसलोय, सोडून गेलेल्यांपैकी दोघांचे नंबर बंद येतायत. एक जण उचलला, म्हणाला स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलंय आणि सुटे भाग तुमच्याकडून मिळतील का. याला कुठल्या खात्यात टाकू?

शिवणटिपण
आधी त्याला भाग द्या, खातं नंतर बघू.