मदत हवी आहे: गणपतीत सासरच्या पंगतीत दूध-तुपाशिवाय कसे निभवावे?

नमस्कार. गेली तीन वर्षे मी दूध, दही, तूप, लोणी आणि मध यांपैकी काहीही खात नाही. पुण्यात आम्हा दोघांच्या स्वयंपाकघरात याचा जराही त्रास होत नाही, कारण मला कोऱ्या चहाची सवय झाली आहे आणि यजमान त्यांचे दही स्वतः विरजतात. प्रश्न येतो तो गणपतीत. गुहागर तालुक्यातल्या सासरच्या घरी गौरी-गणपतीला वीस-बावीस माणसे जमतात, आम्ही जावा-जावा मिळून स्वयंपाक करतो आणि मी काय खाल्ले, काय टाळले हे सगळ्यांना दिसते.

पदार्थांकडे पाहिले तर कोकणातल्या पानात माझ्यासाठी उपाशी राहण्यासारखे काहीच नाही. अळूवडी, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी आणि गौरीच्या नैवेद्याचे घावन-घाटले यांपैकी कशातच दुधाचा थेंब नसतो. घाटले तर नारळाच्या रसातच शिजते. पुरणपोळीवरही आमच्याकडे नारळाचे दूध घेणारे दोघे-तिघे आहेत, त्यांच्यात मी सहज खपून जाते. कोशिंबिरीला दही लावण्याआधी माझी वाटी बाजूला काढून तिच्यावर दाण्याचे कूट आणि लिंबू घालते. मोदकांचे मात्र अवघड आहे, कारण सासूबाई उकडीच्या पाण्यात लोणी आणि सारणात चमचाभर तूप घालतात, आणि नैवेद्याच्या एकवीस मोदकांत फेरफार करायला त्या तयार नाहीत. ते मला मान्यही आहे.

खरी अडचण तुपाची आहे, आणि तीही वाढण्याच्या क्षणाची. भाताच्या मुदीवर वरण आणि वरणावर तूप, म्हणजेच अन्नशुद्धी, वाढल्याखेरीज आमच्याकडे कोणी जेवायला सुरुवात करत नाही. मागच्या वर्षी मोठ्या काकू तुपाचे भांडे घेऊन पंगतीतून येत होत्या. मी आधी सांगून ठेवले होते, तरी त्या सवयीने वाकल्या आणि मी घाईने पानावर हात आडवा धरला. कढत तूप माझ्या हातावर सांडले. त्या बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या की जेवण होईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि आजेसासूबाई एवढेच म्हणाल्या, “अगं, पानावर हात धरू नये.” भाजले त्याचे काही वाटले नाही, पण ते वाक्य अजून आठवते.

दुसरी अडचण पंचामृताची आहे. दूध, दही, तूप, मध आणि साखर यांतली माझ्या उपयोगाची फक्त साखर, आणि तळहातावर पळीभर तीर्थ पडले की ते नाकारणे म्हणजे देवाला नाकारणे असा अर्थ घरात घेतला जातो. माझी श्रद्धा आहे, म्हणूनच हे जास्त टोचते. पूजा सांगणारे किंवा घरी पूजेचे करणारे कोणी इथे असल्यास त्यांनी कृपया सांगावे की, देवाच्या शुद्ध स्नानाचे, तुळशीपत्र घातलेले पाणी वेगळे ठेवून तेच तीर्थ म्हणून घेतले, तर शास्त्राच्या किंवा रूढीच्या दृष्टीने चालेल का?

पाच दिवसांत माझ्याकडे कोणीही वेगळ्या नजरेने पाहत नाही असा एकच दिवस असतो, तो ऋषिपंचमीचा. सासूबाई त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खात नाहीत. परसात हाताने लावलेले अळू, पडवळ, भोपळा, सुरण आणि मक्याची कणसे यांची भाजी होते आणि मी तिला दोनदा हात घालते. बैलाचे कष्ट नकोत हे ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या पटते, त्याला वासराच्या वाट्याचे दूध नको हे इतके परके का वाटावे, असे मनात येते. पण सुनेने हे भर पंगतीत बोलून दाखवले तर तो टोमणाच ठरेल, म्हणून ते इथेच लिहिते. सासूबाईंशी एकटीने बोलताना हा धागा धरावा की धरू नये, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

ज्यांनी सासरी किंवा माहेरी असे काही वर्षे निभावले आहे, त्यांनी तूप वाढणाऱ्या व्यक्तीला न दुखवता काय करतात ते सांगावे. पहिल्या पंगतीत स्वतःच वाढायला उभे राहावे आणि मग जावांबरोबर मागाहून बसावे, असे माझ्या मनात आहे. पण दरवर्षी असे केल्यास ते पळवाट वाटेल का? “अशक्तपणा येईल” या काळजीवर मात्र माझ्याकडे उत्तर आहे: डॉक्टरांच्या सल्ल्याने मी बी-१२ ची गोळी घेते.

शेवटचे, निव्वळ स्वयंपाकाचे. यंदा गौरीनंतर सत्यनारायणही आहे. प्रसादाचा शिरा सव्वाच्या मापाने, तुपातच होणार आणि मी त्यात हात घालणार नाही. त्याच्या जोडीला नारळाच्या दुधातला, केळे घातलेला शिरा करून नेण्याची सासूबाईंनी परवानगी दिली आहे. खोबरेल तेलात रवा भाजला तर वास फार पुढे येतो आणि शेंगदाण्याच्या तेलात तो कोरडा होतो, असा माझा दोन वेळचा अनुभव आहे. एक वाटी रव्याला तेल आणि नारळाचे दूध किती घ्यावे, आणि दूध उकळते घालावे की कोमट, हे कोणी करून पाहिले असल्यास नेमके प्रमाण द्यावे. गावी निघायला अजून तीन आठवडे आहेत, तोवर दोन-तीनदा करून बघता येईल.