तंबूतली रात्र: काय फसलं, काय आवडलं?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्याकडे माळ्यावरचा तंबू खाली येतो, आणि तो झटकताना मागच्या खेपेच्या गोष्टी निघतात. फोटो सगळेच दाखवतात. मला मात्र तुमच्याकडून फसलेल्या गोष्टी ऐकायच्या आहेत, आणि त्याच रात्रीतली एखादी साधीशी, मनापासून आवडलेली गोष्टसुद्धा. सुरुवात मी करते.

जूनचा पहिला आठवडा. भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. गावातल्या एका दादांनी त्यांच्या खाचराच्या कडेला तंबू ठोकायला जागा दिली. मी त्यातल्या त्यात सपाट, मऊ जागा निवडली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, इथे पाणी साचतं. माती बघ, कशी भेगाळलीय." त्यांचं बालपण शेतात गेलेलं. मला वाटलं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे.

काजवे मात्र पोटभर पाहिले. टॉर्च बंद करून दहा मिनिटं गप्प उभं राहिलो, तेव्हा कुठे डोळे सरावले. मग समोरचा अख्खा हिरडा एकदम उजळायचा, एकदम विझायचा. धाकटीनं श्वास रोखून माझं बोट घट्ट धरलं होतं.

रात्री एकला पाऊस आला. पाणी वरून नाही, खालून आलं. गोधड्या भिजून इतक्या जड झाल्या की दोघांना मिळून एक उचलावी लागत होती. दादांनी कंदील दाखवत आम्हाला पडवीत नेलं, वहिनींनी काही न विचारता चूल पेटवली. बिनदुधाचा, गुळाचा चहा, त्याला धुराचा किंचित वास. सासूबाई एका शब्दानंही "सांगितलं होतं ना" म्हणाल्या नाहीत; मुलांचे केस पदरानं पुसत बसल्या. घरी तसा चहा करायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला. तो वास येत नाही.

*

आमचंही पाण्याचंच. दापोलीजवळ कर्द्याचा किनारा, मार्चमधली पौर्णिमा. संध्याकाळी साडेपाचला पोचलो तेव्हा समुद्र पार आत गेलेला. वरची वाळू भुसभुशीत, खुंट्या उपटून येत होत्या. खाली ओल्या वाळूत त्या पक्क्या बसल्या, म्हणून तिथेच तंबू लावला. साडेदहाला बायको म्हणाली, "अहो, पाय ओले लागतायत." किनारा इतका सपाट की पाण्याचा आवाजही आला नाही, नुसतं पसरत आलं. मुलाला कडेवर घेतलं, तंबू तसाच ओढत सुरूच्या बनापर्यंत नेला. भाताचा टोप मात्र गेला.

सकाळी तिथल्या एका आजोबांनी हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आधी ओहोटी, म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा समुद्र सगळ्यात लांब होता. त्यात अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. अष्टमीला हाच हिशेब सहाचा. आता मुलगा निघायच्या आधी कालनिर्णय उघडून तिथी बघतो आणि वेळ सांगतो, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

ती उरलेली रात्र एका सतरंजीवर चौघं चिकटून झोपलो. पहाटे पुन्हा पूर्ण ओहोटी होती आणि खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी काढून ठेवली होती, प्रत्येक बिळाभोवती वेगळी. मुलं त्यावर पाय पडू नये म्हणून चवड्यांवर चालत होती.

*

राजमाची. पिठलं चुलीवर चढवलं आणि कळलं, मीठ घरीच राहिलं. उधेवाडीतल्या एका मावशींनी पळसाच्या पानात मूठभर मीठ दिलं, वर दोन कांदे. पैसे घेतले नाहीत. एवढंच सांगायचं होतं.

*

आम्ही कॅलिफोर्नियात असतो. आई-बाबा पुण्याहून आले होते, त्यांना योसेमिटीत टुओलमी मेडोजला घेऊन गेलो. उंची साधारण 2600 मीटर. आईला वरण-भातच करायचा होता. तुरीची डाळ दीड तास उकळली तरी दाणा दाताखाली कचकच. तिथे हवेचा दाब कमी, पाणी 91 अंशांच्या आसपासच उकळतं, आणि कुकर आणायचं मला सुचलं नव्हतं. गॅसची डबी संपली. आई हिरमुसली. शेवटी शेजारच्या तंबूतल्यांकडून शेगडी मागून पोहे केले, त्यांनाही दिले.

तिथे अस्वलांमुळे रात्री खाणं तर सोडाच, टूथपेस्ट आणि साबणसुद्धा लोखंडी पेटीत ठेवावा लागतो. सगळं ठेवून आडवे झालो, तर बाबा अंधारात म्हणाले, "अरे, माझ्या पिशवीत बेसनाचे लाडू आहेत." दोघं उठलो. बाहेर थंडी कडाक्याची. पेटीशी पोचलो आणि बाबांनी टॉर्च विझवला. डोक्यावर आकाशगंगा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांनी दक्षिणेला वृश्चिकाची नांगी दाखवली. "आमच्या खळ्यात राखणीला झोपायचो तेव्हा अस्संच दिसायचं. आप्पांनी दाखवली होती मला." आजोबांबद्दल बाबा सहसा बोलत नाहीत. त्या रात्री बोलले, बराच वेळ, हातात डबा धरून. मग आम्ही एकेक लाडू तिथेच उभ्यानं खाल्ला, उरलेले पेटीत ठेवले आणि बाबांनी कडी दोनदा ओढून बघितली.